पहाटे थंडीत गाडी पकडत नाही, दुपारी तक्रारच नाही: दोष कुठे शोधायचा?

बागाईतदार · ७ डिसेंबर, सकाळी ९.१०

निफाड तालुक्यात राहतो. आमच्याकडच्या थंडीचं वेगळं सांगायला नको, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा दरवर्षी पेपरात येतोच. या आठवड्यात माझ्या पडवीतल्या थर्मामीटरवर पहाटे ६ ते ८ अंश दिसतात. पारा आणखी उतरला तर द्राक्षमण्यांना तडे जातात. म्हणून साडेचारला मळ्यात पोहोचायचं, पाणी चालू करायचं आणि बांधावर शेकोट्या पेटवायच्या. मळा घरापासून ११ किलोमीटर, आणि नेमकी त्याच वेळी गाडी दगा देते.

गाडी नऊ वर्षांची, पेट्रोल. चार वर्षांपूर्वी बाहेरून सीएनजी किट बसवलं. पहाटे सेल (स्टार्टर) चांगला फिरतो पण इंजिन पकडत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी पकडतं, मग थरथरतं, मिसिंग करतं, क्लच सोडला की बंद. आठ-दहा मिनिटं हाच खेळ. एकदा गरम झाली की दिवसभर तक्रार नाही. दुपारी तर एका सेलमध्ये सुरू.

गॅरेजवाल्याने बॅटरी, प्लग आणि एअर फिल्टर बदलले. साडेसात हजार गेले, तक्रार तशीच. आता इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे) बदलू म्हणतोय. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. आणखी खर्च करण्याआधी काय काय तपासून बघू?

चहाटपरी · ७ डिसेंबर, ९.३२

दिवा लागत नाही म्हणजे सेन्सर सगळे ठीक आहेत. थंडी आहे भाऊ, दहा मिनिटं सुरू ठेवून गरम होऊ द्या आणि निघा. आमच्या घरची गाडीही सकाळचा चहा झाल्याशिवाय हलत नाही.

दहाबारा · ७ डिसेंबर, १०.०५

२२ वर्षं गाड्यांचंच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बागाईतदार, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही स्वतःच लिहिली आहे: सेल चांगला फिरतो. थंडीची तक्रार आली की मी बॉनेट उघडायच्या आधी कान लावतो. किल्ली फिरवल्यावर नुसतं टिकटिक झालं, किंवा सेल रडत रडत फिरला, तर बॅटरी, टर्मिनल नाहीतर इंजिन आणि चॅसीमधली अर्थिंगची पट्टी. सेल जोमात फिरतोय आणि इंजिन पकडत नाही, तर पेट्रोल, हवा किंवा ठिणगी यातलं काहीतरी कमी पडतंय. तुमच्या गाडीत बॅटरी बदलायचं कारणच नव्हतं.

बॅटरीचा संशय असेल तर मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग दुसऱ्याला सेल मारायला सांगायचं आणि काटा बघायचा. फिरताना ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी तरी थकलीय किंवा कुठेतरी जोड सैल आहे. गाडी सुरू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसलं तर बॅटरी भरणारा आल्टरनेटर ठीक. पाच मिनिटांचं काम, आणि फुकटात.

चहाटपरी, दिवा न लागणं ही खात्री धरू नका. सेन्सर चुकीचा आकडा देत असेल, पण तो आकडा शक्य वाटणारा असेल, तर कॉम्प्युटर तो खरा मानतो. दिवा सहसा वायर तुटल्यावर किंवा आकडा अशक्य वाटल्यावरच लागतो.

दवबिंदू · ७ डिसेंबर, ११.२०

दहाबारांच्या शेवटच्या परिच्छेदाचा अनुभव मी पाच महिने घेतलाय. मी पाचगणीला शिकवते, राहते महाबळेश्वरला. वेण्णा तलावाच्या कडेला गवतावर हिमकण पडतात त्या दिवसांत माझी गाडी असाच त्रास द्यायची. पेट्रोल हॅचबॅक, सीएनजी नाही.

शेवटी भावाने ब्लूटूथचं ओबीडी डोंगल आणलं, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारं. सकाळी सेल न मारता नुसती किल्ली ऑन करून मोबाइलवर बघितलं. रात्रभर उभी असलेली गाडी आणि आत येणारी हवा ९ अंश, पण कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) म्हणे ५८ अंश! इंजिन गरमच आहे असं समजून कॉम्प्युटर पेट्रोल कमी सोडत होता. जुन्या गाडीत चोक न ओढता सेल मारत बसावं, तसंच ते. कूलंटचा सेन्सर बदलला, कनेक्टर साफ केला आणि प्रश्न मिटला. सेन्सर काही शेकड्यांत आला. त्याआधी किती हजार गेले ते लिहीत नाही.

बागाईतदारदादा, हे आधी बघा. रात्रभर उभ्या गाडीत कूलंट आणि हवा हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असायला हवेत, आणि पडवीतल्या थर्मामीटरशीही जुळायला हवेत.

दहाबारा · ७ डिसेंबर, ११.४१

ताई, अगदी बरोबर. ज्यांच्याकडे डोंगल नाही त्यांच्यासाठी: हा सेन्सर थंडीत जास्त रोध दाखवतो आणि तापला की कमी. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास, शून्याला त्याच्या दुपटीहून जास्त, आणि ८० अंशांना तीनेकशे. मीटर लावून बघता येतं. मात्र तुमच्या गाडीचा तक्ता वेगळा असू शकतो, तोच धरा.

गोदाकाठ · ७ डिसेंबर, दुपारी १२.१५

कोणी ई२० चं नाव कसं घेतलं नाही? पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून हे सुरू झालंय. इथेनॉलची वाफ थंडीत होत नाही. ब्राझीलमध्ये इथेनॉलच्या गाड्यांना सकाळी सुरू करण्यासाठी वेगळी छोटी पेट्रोलची टाकी द्यायचे.

दहाबारा · ७ डिसेंबर, १२.५०

ब्राझीलचं खरं आहे, पण तिथे पंपावर जवळजवळ निव्वळ इथेनॉल मिळतं. एकट्या इथेनॉलची पुरेशी वाफ थंडीत होत नाही, म्हणून ती टाकी. आपल्याकडे उरलेलं ८० टक्के पेट्रोल आहे आणि त्यातले हलके घटक ६-७ अंशांनाही उडतात. ई२० मुळे जुन्या गाडीला थोडा फरक पडेल हे मान्य, कारण इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते आणि तेवढ्याच कामाला इंधनही थोडं जास्त लागतं. पण चार-चार वेळा सेल मारावा लागणं, हे नुसत्या ई२० ने होत नाही. आधीच अशक्त असलेली गाडी त्याने उघडी पडते.

गोदाकाठ · ७ डिसेंबर, १.०५

मी अजूनही म्हणेन, माझ्या २०१४ च्या गाडीत फरक स्पष्ट जाणवतो. तुमचं 'अशक्त गाडी' मात्र पटतंय, माझे प्लग ४५ हजार किलोमीटर चाललेत. ते आधी बदलून बघतो.

घाटमाथा · ७ डिसेंबर, ३.३०

थोडं विषयांतर. आमच्या आजोबांकडे जीप होती. हिवाळ्यात रात्री बॉनेटवर गोणपाट आणि वर गोधडी टाकायचे, सकाळी पुढून हँडल मारायचे. आजीची कायमची तक्रार, नातवंडांना गोधडी पुरत नाही आणि जीपला दोन! वडिलांची पद्मिनी होती. चोक किती ओढायचा आणि कधी आत ढकलायचा हे त्यांच्या हाताला पाठ होतं. जास्त ओढला की पेट्रोलचा वास सुटायचा, मग दहा मिनिटं थांबायचं. इंजिनला थंडीत काय लागतं, हे त्या पिढीला हाताने कळत होतं. आता तेच कॉम्प्युटर करतो, फक्त तो सेन्सरच्या डोळ्यांनी बघतो.

विनिपेगी · ८ डिसेंबर, पहाटे ५.१०

घाटमाथा, गोधडीवरून लिहावंसं वाटलं. मी मूळ संगमनेरची, सध्या कॅनडात विनिपेगला. इथे जानेवारीत उणे ३० नवल नाही. गाडीच्या जाळीतून विजेचा प्लग बाहेर लोंबत असतो. इंजिनला ब्लॉक हीटर असतो आणि ऑफिसच्या पार्किंगमध्येही त्यासाठी सॉकेट असतात. रात्रभर लावायची गरज नसते. टायमर लावून निघण्याआधी दोन-चार तास पुरतात.

इथे आल्यावर ऑइलचा आकडा पहिल्यांदा नीट समजला. डब्याच्या नावात डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० ला घेतात, २०डब्ल्यूची उणे १५ ला. निफाडच्या ६ अंशांत २०डब्ल्यू ५० नेही इंजिन फिरेल, फक्त सेलवर ताण येईल. कंपनीने ५डब्ल्यू ३० सांगितलं असेल तर तेच घाला.

आणि दहा मिनिटं उभी ठेवून गरम करण्याबद्दल: इथेही अर्धा-एक मिनिट थांबून हळू निघा असंच सांगतात. उभ्या गाडीत इंजिन फार सावकाश तापतं, आणि तोवर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन काढतं.

बागाईतदार · ८ डिसेंबर, सकाळी ८.४५

सगळ्यांचे आभार. शेजारच्या पोराकडे डोंगल मिळालं. आज पहाटे, सेल मारण्याआधी: हवा ८ अंश, कूलंट ८ अंश, पडवीत ७. म्हणजे दवबिंदूताईंचा दोष माझ्या गाडीत नाही. गाडीने आजही चार वेळा घेतले. मळ्यात पोहोचलो तेव्हा सव्वापाच वाजून गेले होते. बायको आणि सासरे आधीच मोटारसायकलवर गेले होते म्हणून निभावलं.

सुटीचागॅरेज · ८ डिसेंबर, ९.३०

उद्या एक करा. किल्ली ऑन करून दोन-तीन सेकंद थांबा, बंद करा, परत ऑन. असं तीनदा, आणि मगच सेल मारा. किल्ली ऑन केली की मागच्या सीटखाली पंप दोनेक सेकंद 'घूंऽऽ' करतो, तो ऐका. पहिल्याच सेलला पकडली तर रात्रभरात पेट्रोलचं प्रेशर उतरतंय असं समजायचं. पंपातला एकमार्गी वॉल्व्ह तरी गळतोय किंवा एखादा इंजेक्टर टपकतोय. दुसरा प्रकार असेल तर सुरू होताना पेट्रोलचा वास आणि काळसर धूर येईल.

लेहवारी · ८ डिसेंबर, ११.००

डिझेलवाल्यांसाठी लिहून ठेवतो, हिवाळ्यात कोणीतरी इथे शोधत येईलच.

हिमाचलमधल्या स्पितीला जानेवारीत गेलो होतो, काझ्याला उणे २० च्या खाली. डिझेल खालच्या मैदानातून भरलेलं. सकाळी गाडी सुरू झाली, एक मिनिट चालली आणि बंद, पुन्हा नाहीच. सुरू होऊन मग बंद पडणं ही खूण लक्षात ठेवा. पाइपमधलं डिझेल संपेपर्यंत ती चालते, नंतर फिल्टरमध्ये मेण साचलेलं असतं. भारतीय मानकात साध्या डिझेलने फिल्टर तुंबण्याची मर्यादा हिवाळ्यासाठी ६ अंश आहे आणि उन्हाळ्यासाठी १८. म्हणजे मैदानातलं डिझेल तिथल्या थंडीसाठी बनलेलंच नसतं. इंडियन ऑइलने लडाखसाठी वेगळं हिवाळी डिझेल नोव्हेंबर २०१९ मध्ये आणलं, ते उणे ३३ पर्यंत वाहतं. पानिपतच्या रिफायनरीत बनतं. वर जाताना टाकी शक्य तितकी रिकामी न्या आणि तिथलंच डिझेल भरा.

टाकीखाली शेकोटी करणारे ट्रकवाले पाहिलेत, कृपया करू नका. नव्या कॉमन रेल इंजिनात रॉकेल मिसळणंही नको. रॉकेलला वंगण कमी, आणि हाय प्रेशर पंप डिझेलच्याच वंगणावर जगतो.

आपल्याकडच्या थंडीत डिझेल सहसा गोठत नाही. सकाळी पांढरा धूर, डोळ्यांना झोंबणारा वास आणि तीन सिलिंडरवर चालल्यासारखी थरथर असेल तर ग्लो प्लग (डिझेल इंजिन सुरू करताना आतून तापवणारे) बघा. चांगला ग्लो प्लग मीटरवर एक-दोन ओहमच्या आत असतो, जळलेला काहीच दाखवत नाही.

बागाईतदार · ९ डिसेंबर, ८.२०

सुटीचागॅरेज, तुमचा उपाय केला. तीनदा किल्ली ऑन, मग सेल. पहिल्याच सेलला पकडली! चार महिन्यांत पहिल्यांदा. पण थरथर तशीच, क्लच सोडला की गचके, दोनदा बंद पडली. वास नाही, धूर नाही.

चहाटपरी · ९ डिसेंबर, ८.५५

पंप सापडला म्हणायचा. पण मग दुपारी कशी चालते हो? पंप खराब तर दिवसभर खराब.

दहाबारा · ९ डिसेंबर, १०.१५

चहाटपरी, फार नेमका प्रश्न विचारलात! रात्री विचार करताना मीही इथेच अडलो होतो. गाडी दिवसभर कशावर चालते? सीएनजीवर.

बाहेरून बसवलेली किट असलेली गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि कूलंट ठरावीक तपमानाला पोहोचलं की गॅसवर जाते, बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या मधे. कारण टाकीतला गॅस २०० बारचा. गॅसचं प्रेशर कमी करणाऱ्या रिड्यूसरमध्ये तो पसरतो तेव्हा एवढा गार होतो की कूलंटची ऊब नसेल तर रिड्यूसर गोठेल. म्हणजे बागाईतदारांची गाडी पेट्रोलवर फक्त पहाटेची ती दहा मिनिटं चालते. ज्याला आपण सगळे 'थंडीची तक्रार' म्हणतोय ती कदाचित 'पेट्रोलची तक्रार' आहे. दिवा का लागत नाही तेही यातून कळतं. पेट्रोलवर इतका कमी वेळ चालते की कॉम्प्युटरला दोष पक्का करायला वेळच मिळत नाही.

भाऊ, आज दुपारी गाडी पूर्ण गरम असताना गॅसचं बटण बंद करा आणि दहा किलोमीटर नुसत्या पेट्रोलवर चालवा. जमल्यास चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस देऊन. आणि एक विचारतो, टाकीत पेट्रोल साधारण किती ठेवता?

बागाईतदार · ९ डिसेंबर, संध्याकाळी ६.४०

काटा कायम तळाशी. शंभर-दोनशेचं टाकतो, गॅसवरच तर चालते असं वाटायचं.

दुपारी पेट्रोलवर घेऊन गेलो. कडक ऊन, इंजिन गरम. चढावर गाडी उचलतच नाही! ४० च्या पुढे काटा जाईना, गचके बसायला लागले. गॅसचं बटण दाबलं की त्याच चढावर सरसर. चार वर्षांत मी ही गाडी दुपारी पेट्रोलवर एकदाही चालवली नव्हती.

आणखी एक दिसलं. डोंगलवर कूलंट ५५ च्या पुढे जात नव्हतं, दुपारीसुद्धा. सकाळी ३५ व्हायलाच नऊ मिनिटं लागली. हे बरोबर आहे का?

दहाबारा · ९ डिसेंबर, ७.०५

बरोबर नाही. साधारण ८२ ते ८८ ला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह, उघडतो; काटा त्याच्या आसपास थांबायला हवा. उन्हाळ्यात रेडिएटरचं काही काम केलं होतं?

बागाईतदार · ९ डिसेंबर, ७.१२

हो, मे महिन्यात गरम होत होती. रेडिएटर साफ केला आणि 'वॉल्व्ह काढून टाकलाय, आपल्याकडे त्याची गरज नसते' असं मेकॅनिक म्हणाला होता.

रेडिएटरवाला · ९ डिसेंबर, ९.२०

पंधरा वर्षं थर्मोस्टॅट काढून देतोय. मराठवाड्यात मे महिन्यात ४३-४४ अंश असतात. अडकलेल्या थर्मोस्टॅटने हेड उडालेल्या गाड्या पाहिल्यात. न बसवलेल्याने एकही नाही. सगळ्यांनी मेकॅनिकला दोष देऊ नये.

दहाबारा · ९ डिसेंबर, ९.५०

दादा, तुमचा अनुभव खोटा नाही. अडकलेला थर्मोस्टॅट इंजिन खातो, तो काढायलाच हवा. पण त्याच्या जागी नवा बसवायला हवा. कार्ब्युरेटरच्या गाडीत काढून चालून जायचं. आताचा कॉम्प्युटर ५५ अंश बघून इंजिन अजून थंडच आहे असं धरतो आणि पेट्रोल जास्त सोडत राहतो. ऑइलमधला ओलावा उडत नाही, मायलेज जातं. या गाडीत तर गॅसवर जायलाच उशीर, म्हणजे अशक्त पंपावर जास्त वेळ. दुखणं जुनं असेल, थर्मोस्टॅट काढल्यावर ते जाणवायला लागलं.

रेडिएटरवाला · ९ डिसेंबर, १०.१५

गॅसच्या गाडीचा हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. नवा बसवून देत जाईन.

किटवाला_नाही · १० डिसेंबर, ७.३०

सोपा उपाय: किटच्या सॉफ्टवेअरमध्ये गॅसवर जायचं तपमान २० करून घ्या. पेट्रोल लागणारच नाही.

सुटीचागॅरेज · १० डिसेंबर, ८.००

असं नका करू. ७ अंशांच्या सकाळी रिड्यूसर गोठतो, आतला पडदा कडक होतो, गॅसचं प्रेशर हलतं. मग गाडी दोन्ही इंधनांवर बंद पडेल आणि दोष शोधणं दुप्पट अवघड.

बागाईतदार · १४ डिसेंबर, ९.४०

उशीर झाला, मळ्यात गडबड होती. दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो आणि या धाग्यातले आकडे कागदावर लिहून नेले. त्यांनी पेट्रोलच्या लाइनला प्रेशरचं मीटर लावलं. साडेतीन बार हवं तिथे दोनच्या आसपास, आणि किल्ली बंद केल्यावर चार मिनिटांत शून्य. टाकीतून पंप काढला तर जाळी गाळाने काळी पडली होती. पंपाला पेट्रोलच गार ठेवतं आणि माझ्या किटमध्ये गॅसवर असतानाही पंप चालूच राहतो, म्हणजे चार वर्षं तो जवळजवळ कोरडा फिरत होता, असं त्यांनी समजावून सांगितलं. नवा पंप, नवी जाळी, टाकी साफ, नवा थर्मोस्टॅट. जुने इंजेक्टर तपासले, ते उत्तम आहेत.

तीन दिवस बघितलं आणि मगच लिहितोय. काल पहाटे पडवीत ५ अंश. एकच सेल, लगेच पकडली, थरथर नाही. साडेतीन मिनिटांत गॅसवर गेली. पावणेपाचला शेकोट्या पेटल्या होत्या. टाकी आता पाव भागाच्या खाली जाऊ देत नाही आणि आठवड्यातून एकदा मुद्दाम दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवतो.

दवबिंदू · १४ डिसेंबर, १०.१०

वाचून फार बरं वाटलं दादा. घड वाचले हे त्याहून छान.

चहाटपरी · १४ डिसेंबर, १०.३०

अभिनंदन! माझीही गॅसचीच गाडी आहे, सेकंडहँड घेतलेली. आत थर्मोस्टॅट आहे की आधीच्या मालकाने काढलाय, हे न उघडता कसं कळेल?

दहाबारा · १४ डिसेंबर, १०.५५

सकाळी थंड गाडी सुरू करा आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या जाड पाइपला हात लावा. थर्मोस्टॅट असेल तर पाइप बराच वेळ थंड राहतो आणि काटा मध्यावर आला की अचानक गरम होतो. पहिल्या दोन-तीन मिनिटांपासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर आत काही नाही किंवा उघडा अडकलेला आहे. हात पंख्यापासून लांब ठेवा, तो न सांगता सुरू होतो.